बारशाआधी बोलायचं नसतं

वसईत होळीच्या बाजारापासून आत वळलं की केळीच्या वाड्या लागतात. वाड्यांच्या मधोमध एक बावखल आहे, शिंपणासाठी कुणा पूर्वजाने खणून ठेवलेलं तळं, आणि त्याच्या काठावर चंद्रकांताचं घर. या बाजूला कुणाकडे मूल झालं की दवाखान्यातून पहिला फोन आजोबांना जाई की चंद्रकांताला, हे सांगणं कठीण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती त्या घरच्या न्हाणीत पाटावर बसलेली असे. पाय लांब सोडलेले, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं आणि नडग्यांच्या खोबणीत पालथं घातलेलं बाळ.

न्हाऊ घालणं हा तिचा धंदा नव्हता. एक नारळ, ओटीचे तांदूळ आणि कपभर चहा एवढ्यावर ती उठायची. पण त्या कामाचा तिला जो ताठा होता, तो दिवाकरला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, आपल्या पानवेलींचाही नव्हता. खोबरेल कोमट करून ती आधी आपल्या गालाला लावून बघे. मग पाठ, मग पाय, मग छाती. शेवटी बाळाचा उजवा हात डाव्या पायाला भेटवायचा, डावा हात उजव्या पायाला. बाळ आधी रडे, मग थकून गप्प होई, आणि ओवा-बाळंतशेपांची धुरी घेऊन झाली की असं झोपे की आई दोन घास सुखाने खाई. हिंदूंच्या घरात तिला मान होता तेवढाच ख्रिस्ती घरांतही होता. बाप्तिस्म्याच्या जेवणाला तिला पहिल्या पंगतीत बसवत.

हे सगळं तिला सासूने दिलं. हात दिले आणि हातांबरोबर एक नियमही दिला. बारशाआधी बाळाच्या अंगातली खोट तोंडातून काढायची नाही. त्याला अजून नाव नाही, ते अजून पुरतं आपल्याकडे आलेलं नाही. आत्ता बोललेलं त्याला चिकटतं. बारसं होऊ दे, मग बोल.

या नियमाने चंद्रकांताला कधी दगा दिला नव्हता. चेपलेलं डोकं तेवढ्या दिवसांत गोल होई. सुजलेले डोळे उघडत, वाकडं पाऊल सरळ येई. आया घाबरून विचारत, "काकी, असं कसं हो दिसतं?" ती म्हणे, "कसं म्हणजे? बापासारखं." बाया हसत, आणि बारशापर्यंत खोट निघून गेलेली असे. दर वेळी गप्प राहण्याचं चीज झालं होतं.

तिचा मुलगा स्वरूप सातिवलीच्या एका पॅकिंग कारखान्यात मशीनवर होता. त्याची बायको ऋतिका विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, माणसं मूळची कोकणातली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. ऋतिकाच्या आईने खोली आवरून ठेवली होती, मालिशवालीलाही सांगून ठेवलं होतं. पण चंद्रकांताने विहिणीला फोन करून सांगितलं, "सगळ्या गावाची पोरं माझ्या पायांवर न्हायली आणि माझं नातवंड भाड्याची बाई धुणार? ते काही जमायचं नाही." विहीण शहरातली, भांडली नाही. ऋतिकाचं नाव वसईत स्टेशनजवळच्या एका प्रसूतिगृहात घातलं.

मूल मोठं होतं. ऋतिकाच्या रक्तातली साखरही शेवटच्या महिन्यांत वर गेली होती. कळा सकाळी सुरू झाल्या आणि दुपार कलली तरी सुटका होईना. बाहेरच्या बाकड्यावर चंद्रकांता बसली होती. दारामागून एकदम गलका ऐकू आला. कुणीतरी "दाब, अजून दाब" म्हणत होतं, मग एक स्टूल पडल्याचा आवाज झाला, आणि मग अशी शांतता की पंख्याची घरघर ऐकू यावी. बऱ्याच वेळाने बाळ रडलं. बारीक, चिरका आवाज.

डॉक्टरीणबाई घाम पुसत बाहेर आल्या. "मुलगा आहे. खांद्याशी थोडा अडला होता, पण आला. चार किलोचा आहे, पैलवान." मागून विनी सिस्टर बाळाला घेऊन आली. विनी सांडोरची, तिच्या मुलीला चंद्रकांतानेच न्हाऊ घातलं होतं. एरवी भेटली की ती दहा गोष्टी बोलायची. त्या दिवशी तिने दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ हातात दिलं आणि न बोलता आत गेली.

दवाखान्यात होतं तोवर बाळ तसंच गुंडाळलेलं राहिलं. घरी आणल्यावर चंद्रकांताने न्हाणीत त्याचं दुपटं सोडलं.

उजवा हात लगेच वर गेला, मूठ वळली, हवेत धडपडला. डावा तसाच पडून राहिला. अंगाला चिकटून, कोपरात सरळ, तळवा मागे फिरलेला. केळीच्या पानाचा दांडा मोडला की पान खाली लोंबतं, हिरवं असतं पण त्यात उभं राहण्याची ताकद नसते. तिने तो हात उचलला आणि सोडला. तो पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला.

बाजूच्या खोलीतून ऋतिकाने विचारलं, "आई, कसा आहे हो?"

"कसा म्हणजे? न्हायला घाबरत नाही तुझ्यासारखा," चंद्रकांता म्हणाली.

तेव्हापासून रोज ती त्या हातासाठी थोडं तेल जास्त घेई. खांद्यापासून बोटांपर्यंत चोळी, मानेजवळ अंगठ्याने हळूहळू फिरवी, हात वर नेई, पायाला भेटवी. बाळ त्या बाजूला जास्त रडायचं. तिला वाटे, रडतंय म्हणजे आत जीव आहे. आंघोळ झाली की दोन्ही हात आत घेऊन दुपटं घट्ट बांधायचं आणि मगच आईच्या कुशीत द्यायचं. न्हाणीत दुसरं कुणी येत नसे. तीही जुनी रीत होती.

बारशाच्या दोन दिवस आधी ऋतिकाचे टाके दाखवायला प्रसूतिगृहात जावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले. बाळ चंद्रकांताच्या मांडीवर झोपलं होतं, दुपट्यात. बाईंनी त्याच्या गालाला बोट लावलं आणि विचारलं, "दूध ओढतो ना? दोन्ही हातपाय नीट हलवतो?"

ऋतिकाने सासूकडे बघितलं, कारण हातपाय सासूच बघत होती.

"हलवतो," चंद्रकांता म्हणाली. "झाडतो नुसता."

बाईंनी मान डोलावली आणि पेन उचललं. दुपटं त्यांनी सोडलं नाही.

पाळणा हलला, कानात कुर्रर्र केलं, अनुज नाव ठेवलं. पाहुणे गेल्यावर चंद्रकांता पाळण्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "स्वरूप, ऋतिका, इकडे या. याचा डावा हात बघा." आता बोलायला हरकत नव्हती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी अनुजला टेबलावर उताणं ठेवून बघितलं आणि मानेपासून हातापर्यंत बोट फिरवत स्वरूपला सांगितलं. हाताच्या नसा इथून, मानेतून निघतात. खांदा अडकलेला असताना डोकं ओढलं गेलं की त्या ताणल्या जातात. काही मुलांच्या आपोआप भरून येतात. काहींच्या मुळातून उपटलेल्या असतात, त्या येत नाहीत. थांबून बघू. मालिश बंद करा, आम्ही दाखवू तेवढाच व्यायाम.

चंद्रकांता दाराशी उभी होती. मालिश बंद, एवढं तिने ऐकलं. घरी आल्यावर अनुजला आंघोळ ऋतिका घालू लागली, प्लास्टिकच्या टबात, डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे एका हाताने मान धरून. चंद्रकांता तेलाची वाटी गरम करून दाराशी ठेवायची. काही दिवसांनी तेही सोडलं.

नसा भरून आल्या नाहीत. पुढे पायाची नस काढून मानेत जोडण्याचं ऑपरेशन झालं. कोपर थोडं वाकायला लागलं. खांदा उचलला नाही तो नाहीच.

अनुज दीड वर्षाचा असताना स्वरूपने एरॉलला घरी बोलावलं. एरॉल शेजारच्या आळीतला, वसईच्या कोर्टात वकिली करायचा. त्याने कागद चाळले आणि ग्राहक आयोगात तक्रार टाकू म्हणाला. स्वरूपला भांडायची हौस नव्हती. त्याला एवढंच हवं होतं की कुणीतरी खुर्चीत बसून म्हणावं, हा हात दवाखान्यात गेला. मुलाच्या पुढच्या उपचाराची सोय त्यातून झाली तर झाली. पण आधी ते एक वाक्य.

प्रसूतिगृहाचं उत्तर यायला पुष्कळ महिने गेले. एरॉल ते घेऊन संध्याकाळी ओटीवर आला. त्याने वाचलं आणि मग कागद मांडीवर ठेवला.

"काकी, हे लोक म्हणतात, टाके दाखवायला गेलात तेव्हा बाळाचे दोन्ही हात हलत होते. घरच्यांनीच तसं सांगितलं."

"कोण घरचे?" स्वरूप म्हणाला.

दिवाकर तंबाखूत चुना मळत होता, त्याचा अंगठा थांबला.

"आई, तू म्हणालीस?"

"बारसं व्हायचं होतं," चंद्रकांता म्हणाली.

"अगं, डॉक्टर विचारत होती. शेजारीण नव्हती ती."

"कुणीही असो. बारशाआधी..."

"आई, पुढे नको बोलूस." स्वरूप उठून पानवेलीच्या मांडवाकडे गेला आणि अंधार पडेपर्यंत परतला नाही. ऋतिका उंबऱ्यात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मीही होते ना तिथे. मलाही बघता आलं असतं."

एरॉल म्हणाला, त्या खोलीत असलेल्या कुणी सांगितलं तर फरक पडेल. मुंबईचे डॉक्टर तोंडाने सगळं सांगत होते, पण कुणाच्या चुकीने झालं हे लिहून द्यायला तयार नव्हते. आपल्याच धंद्यातल्या माणसाविरुद्ध कोण लिहितो? दुसऱ्या दिवशी चंद्रकांता सांडोरला विनीच्या घरी गेली. विनीने खुर्ची दिली, पाणी दिलं, चौकशी केली.

"विनी, तू आत होतीस."

"होते, काकी."

"मग जे झालं तेवढं सांग. जास्त नको."

विनीने आपल्या हातांकडे बघितलं. "डोकं बाहेर आलं आणि पुन्हा आत खेचल्यासारखं झालं. खांदा हाडाला अडकला होता. बाई म्हणाल्या पोट दाब, म्हणून मीच दाबत होते. वरून दाबायचं नसतं अशा वेळी, मला शिकवलंय तसं. पण त्या म्हणाल्या आणि मी दाबलं. त्यांनी डोकं धरून ओढलं. असं."

"हेच सांग ना."

"हे सांगितलं तर मी स्वतःलाच अडकवते. नवऱ्याचं काम सुटलंय, घर माझ्यावर आहे. मला पुन्हा कोण दवाखान्यात उभं करेल? आणि काकी, पोरगा निळा पडला होता. ओढला नसता तर गेला असता, तेही सांगावं लागेल मला. मग काय धरतील लोक?"

चंद्रकांताने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. विनीची मुलगी शाळेतून आली, तिने वाकून चंद्रकांताचे हात धरले आणि विचारलं, "आजी, आमच्या घरी राहणार?" चंद्रकांता निघाली.

हात पहिल्या दिवसापासूनच पडलेला होता, असा जबाब चंद्रकांताने आयोगाला लिहून दिला होता. समोरच्या वकिलाने त्यावर तिला प्रश्न विचारायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. जाताना रिक्षात एरॉलने तिला बजावलं, "काकी, हो किंवा नाही. बाकी काही नाही." ती म्हणाली, "मला काय चोरी आहे?"

तो वकील तरुण होता आणि फार गोड बोलायचा. त्याने तिला बसायला खुर्ची द्यायला लावली.

"आजी, किती मुलांना न्हाऊ घातलंत तुम्ही?"

"मोजली नाहीत. त्या एरॉलला विचारा, त्यालाही मीच घातलंय."

खोलीत हशा झाला. एरॉलने मान खाली घातली.

"आम्हाला फ्लॅटवाल्यांना हे काही ठाऊक नाही. नक्की कसं घालतात?"

आणि चंद्रकांता सांगू लागली. इतक्या वर्षांत तिला कुणी हे विचारलं नव्हतं. बायकांना माहीत होतं, पुरुषांना गरज नव्हती. इथे सरकारी खोलीत शिकलेली माणसं कान देऊन ऐकत होती. तेल किती गरम, हे तिने सांगितलं. पाठीवर तळवा कसा आडवा न्यायचा ते सांगितलं. मग शब्द पुरेनात, तेव्हा तिने अंगावरची शाल काढली, तिचं गाठोडं वळलं, मांडीवर ठेवलं, आणि शालीच्या एका टोकाचा हात आणि दुसऱ्या टोकाचा पाय करून दोन्ही एकमेकांना भेटवले. एरॉल दोनदा खोकला. तिने तिकडे बघितलं नाही.

"म्हणजे हात असा ओढायचा?"

"ओढायचा नाही. ताणायचा."

"जोर लागत असेल."

"अंगात जोर नाही त्या बाईने या कामात पडूच नये."

"या बाळाच्या डाव्या हाताला रोजच्यापेक्षा जास्त चोळलंत?"

"जास्त. त्याला उठवायचा होता ना."

"आणि रडायचा तो? त्या बाजूला?"

"रडायचा."

"आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, हात हलतो म्हणालात."

"म्हणाले."

"मग ते खरं होतं, की आज सांगताय ते खरं?"

चंद्रकांताने शाल उलगडून पुन्हा खांद्यावर घेतली. "बारशाआधी बोलायचं नसतं," ती म्हणाली. मघाशी ऐकणारी माणसं आता एकमेकांकडे बघत होती. समोर खुर्चीत बसलेल्या आयोगाच्या बाईंनी लेखनिकाला सांगितलं, "साक्षीदाराचे शब्द आहेत तसे घ्या."

बाहेर चहाच्या टपरीवर स्वरूपने तिच्या हातात कप दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "करून दाखवायला कुणी सांगितलं होतं, आई?"

"त्यांनी विचारलं."

"हो. त्यांनी विचारलं."

निकाल लागला तेव्हा अनुज बालवाडीतून पहिलीत गेला होता. एरॉलने तो ओटीवर बसून वाचून दाखवला, आणि दिवाकरला कळेना म्हणून पुन्हा साध्या भाषेत सांगितला. प्रसूतिगृहाची चूक सिद्ध होत नाही. घरच्या मालिशीमुळे इजा झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मुलाबद्दल आयोगाला सहानुभूती आहे. तक्रार फेटाळली.

"म्हणजे हिच्या हातून झालं म्हणतात?" दिवाकरने विचारलं.

"तसंही म्हणत नाहीत. कुणाच्या हातून झालं ते ठरत नाही, असं म्हणतात."

"हात तर गेला ना? मग तो कुणाच्या तरी हातून गेला असणार."

"वर अपील करता येतं," एरॉल म्हणाला. "पण वरही हीच साक्ष जाणार. जबाब बदलता येत नाही."

स्वरूपने नको म्हणून मान हलवली. तो रागावला नाही. रागावला असता तर चंद्रकांताला बरं वाटलं असतं.

गावात निकाल वाचलेला कुणी नव्हता, पण त्यातलं एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं. आळीतल्या थॉमसच्या सुनेला मुलगी झाली, ते चंद्रकांताला रविवारी चर्चमधून परतणाऱ्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. न्हाऊ घालायला भाईंदरहून बाई येत होती. दिवाकर एकदा म्हणाला, "बरं झालं, तुझेही गुडघे दुखतात." तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो तंबाखूची डबी शोधायला उठला.

ती मनातल्या मनात रोज त्या न्हाणीत जाई. एवढंच तिचं स्वतःचं उरलं होतं. दुपटं सोडलं, उजवा हात वर गेला, डावा पडून राहिला. माझे हात लागायच्या आधीच पडलेला होता. हे तिने एरॉलला सांगितलं होतं, आयोगात सांगितलं होतं, झोप येत नसे तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. इतक्या वेळा, की सांगता सांगता ते गुळगुळीत झालं. आणि मग एखाद्या दिवशी त्या आठवणीत डावा हातही थोडा हलल्यासारखा दिसू लागला. बोटांशी जराशी वळवळ. ती दचकून पुन्हा सुरुवातीपासून बघायला लागे, आणि जितक्या वेळा बघे तितका तो हात कधी हले, कधी न हले.

पावसाळा संपत आला होता. शाळेची वेळ होती. ऋतिका ओटीवर अनुजला तयार करत होती. त्याचा डावा हात आता उजव्यापेक्षा दिसण्याइतका आखूड आणि बारीक झाला होता. चंद्रकांता खांबाला टेकून भाजी निवडत होती. ऋतिकाने मान वर न करता विचारलं,

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"त्या पहिल्या दिवशी. तुम्ही हात लावायच्या आधीच तो तसा होता ना?"

इतक्या वर्षांत ऋतिकाने हा प्रश्न कधी केला नव्हता. वकिलांनी केला, गावाने न बोलता केला, स्वरूपने तोंड फिरवून केला. हिने नाही. चंद्रकांताने भाजीची जुडी खाली ठेवली. तिला हो म्हणायचं होतं. तोंडात शब्द आलाही होता. तिने त्या न्हाणीत एकदा शेवटचं बघितलं. वाफ दिसली, तांब्या दिसला, दुपट्याची निळी किनार दिसली. हात दिसेना.

"मला आता सांगता येत नाही गो," ती म्हणाली.

ऋतिकाने शर्ट झटकला, डाव्या बाहीत आपला हात घालून आतून अनुजचा पंजा पकडला आणि सावकाश बाहेर काढला. उजवा हात त्याने आपला आपण घातला. ती बटणं लावू लागली.